विलग काळ

रविवारी सकाळी पोह्यांच्या बशा बाजूला सारून सन्मती आणि श्रेयसी चौगुले आयकराचं विवरणपत्र भरायला बसले, तेव्हा चहा निवायच्या आत काम उरकेल असं दोघांनाही वाटत होतं. आकडे भरायचे नव्हतेच. ते सगळे बँकेतून, बिलांतून आपोआप येऊन बसलेले होते. फक्त प्रश्नांची उत्तरं द्यायची होती.

"गेल्या वर्षात या व्यवसायात आपण कोणतं काम केलंत?" टॅबमधल्या आवाजानं श्रेयसीला विचारलं.

"मदत," ती म्हणाली.

"मदत हे कामाचं नाव नाही. आपण नेमकं काय केलंत ते सांगाल का?"

सन्मती हसला. "सांग की. चहा करतेस, आलेल्या लोकांशी गप्पा मारतेस."

"चहा, नोंद केली," आवाज नम्रपणे म्हणाला. "गप्पा कोणत्या विषयावर?"

श्रेयसीही हसली. पण हसताना तिला कुठंतरी टोचलं, आणि ते टोचणं दिवसभर गेलं नाही.

लोक त्या प्रणालीला वाटाड्या म्हणत. सरकारी नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. वाटे पाडतो तो वाटाड्या, असा सरळ हिशेब. पूर्वी स्वतःचा धंदा करणारी माणसं कर वाचवायला बायकोच्या नावानं पगार दाखवत. कागदावर बायको व्यवस्थापक, प्रत्यक्षात तिला दुकानाचं कुलूप कुठल्या किल्लीनं उघडतं हे ठाऊक नसे. उलटही होई. बाई दिवसभर राबे आणि कागदावर तिचा मागमूस नसे. नव्या कायद्यानं नवराबायकोला एकत्र विवरण भरायची सोय दिली. उत्पन्न दोघांत विभागलं गेलं की कर बराच उतरे. अट एकच, विभागणी खरी हवी. आणि खरी कोणती, हे वाटाड्या ठरवणार.

चौगुल्यांचा धंदा कृत्रिम पायांचा. सांगलीत विश्रामबागच्या मागच्या गल्लीत खाली वर्कशॉप, वर घर. सन्मती इंजिनिअर. त्यानं आखलेला पाय हलका, टिकाऊ आणि चालताना आवाज न करणारा, म्हणून पार विजापूर-सोलापूरहून माणसं येत. पाटीवर त्याचं नाव, बिलावर त्याचं नाव. श्रेयसी फिजिओथेरपिस्ट. काम वाढलं तेव्हा 'थोडे दिवस' म्हणून तिनं हॉस्पिटलची नोकरी सोडली. त्या थोड्या दिवसांची अकरा वर्षं झाली होती.

प्रश्न संपल्यावर वाटाड्यानं अंदाज सांगितला. श्रेयसीचा वाटा पंधरा ते साठ टक्क्यांच्या मध्ये कुठंतरी.

"हा काय अंदाज झाला?" सन्मती म्हणाला. "पावसाचा पण याहून बरा देतात."

दुसऱ्या दिवशी ते दोघं कर सल्लागार मगदूम मॅडमकडं गेले. मॅडम सन्मतीच्या आईच्या मैत्रीण, त्यामुळं फी घेताना कडक आणि बोलताना घरच्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "गणित जुनंच आहे, कायदा नवा. एक जण आंब्यावर चढतो, दुसरा खाली झोळी धरतो. चढणारा एकटा असता तर खिशात मावतील तेवढे चार आंबे घेऊन उतरला असता. झोळीवाला एकटा असता तर वाऱ्यानं पडलेले दोन वेचले असते. दोघं मिळून उतरवले शंभर. आता झोळीवाल्याचे किती?"

"दोन," सन्मती म्हणाला.

"चुकलास. तो आल्यामुळं चाराचे शंभर झाले. म्हणजे त्यानं शहाण्णव वाढवले. चढणाऱ्यानं दोनाचे शंभर केले, म्हणजे अठ्ठ्याण्णव. प्रत्येकाचं एकट्याचं आणि येण्यानं वाढलेलं, यांची सरासरी काढायची. चढणाऱ्याला एक्कावन्न, झोळीवाल्याला एकोणपन्नास. नुसती झोळी धरणाऱ्याला, बरं का."

श्रेयसी खुर्चीत थोडी पुढं सरकली. "मग आमचं का निघत नाही?"

"कारण तुम्ही दोघं मिळून काय करता एवढंच त्याला दिसतं. वर्कशॉपचे कॅमेरे, पायाच्या आराखड्यांतल्या दुरुस्त्या, पेशंटचे फोन, कुणाच्या बोलण्यानंतर काय बदललं, सगळं तो तपासतो. पण एकटा सन्मती काय करील आणि एकटी तू काय करशील, हे त्यानं कधी पाहिलेलंच नाही. तुम्ही कधी एकेकटे राहिलाच नाहीत." मॅडमनी चष्मा काढला. "दोन रस्ते आहेत. नेहमीसारखं सगळं सन्मतीच्या नावानं भरा आणि जास्त कर द्या. नाहीतर विलग काळ घ्या. महिना-दीड महिना कामापुरतं वेगळं राहायचं. पेशंटबद्दल एकमेकांशी अवाक्षर नाही."

"घेऊ की," सन्मती लगेच म्हणाला. गाडीत बसताना तो सहज बोलून गेला, "वीसेक टक्के निघाले तरी पुष्कळ फरक पडेल गं."

 वीस हा आकडा श्रेयसीच्या डोक्यात घरापर्यंत खडखडत राहिला, जिन्यातही वाजला, आणि कुकर लावतानाही.

विलग काळ सुरू झाला. खालचं वर्कशॉप सन्मतीचं. वरच्या पुढच्या खोलीत श्रेयसीनं टेबल टाकलं आणि गुडघे-कंबरेचे पेशंट घ्यायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात त्यांना एक गोष्ट उमगली, जी दोघांनीही एकमेकांना सांगितली नाही. त्यांच्याकडं दुसरं बोलायला काही नव्हतं. जेवताना, फिरताना, गादीवर पडल्यावरसुद्धा ते आजवर पायांबद्दलच बोलत आले होते. कुणाची टाच घासतेय, कुणी जिना चढला, कुणी लग्नात नाचलं. आता ताटावर बसलं की आमटीत मीठ बरोबर आहे एवढं सांगून होई आणि मग फक्त चमचे वाजत.

श्रेयसीचे कान मात्र जिन्याशी लागलेले असत. खाली माणूस आला की पावलांच्या आवाजावरून तिला कळे, डावा की उजवा, जुना की नवा. जावंसं वाटे. ती उठे, खिडकीशी जाई, परत येऊन बसे. वाटाड्याचा आकडा आठवड्याला थोडा थोडा आवळत होता. वीस ते बावन्न. मग चोवीस ते पन्नास. ती दिवसातून कितीदा तरी टॅब उघडून पाही. लोक क्रिकेटचा स्कोअर बघतात तसं.

यास्मिन मुजावर त्याच दिवसांत आली. तासगाव डेपोत एसटीची कंडक्टर. स्कूटरवरून घरी जाताना ट्रकनं ठोकरल्यावर तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. जखम भरली, पण कामावर परत घ्यायचं तर चाचणी होती. दिवसभर बसमध्ये उभं राहायचं, चढायचं, उतरायचं. चाचणीची तारीख ठरलेली होती आणि घरात मिळवती ती एकटी.

सन्मतीनं सकाळी तिच्या डाव्या पायाच्या उरलेल्या भागाचं स्कॅन घेतलं. दोन दिवसांत यंत्रानं सॉकेट छापलं, म्हणजे पाय ज्यात बसतो ती वाटी. पाय सुरेख झाला होता. श्रेयसीनं तो वरून पाहिला आणि तिला नवऱ्याचा नेहमीसारखा अभिमान वाटला.

चालून बघायला यास्मिन संध्याकाळी आली. खालच्या गल्लीत ती फेऱ्या मारत होती आणि मागून सन्मती हातातल्या पडद्यावरचे आलेख बघत चालला होता. श्रेयसी गॅलरीत कपडे काढायला आली होती. निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं होतं.

तिसऱ्या फेरीला तिला दिसलं. यास्मिन डाव्या पायावर क्षणभर कमी टेकत होती. आलेखात येणार नाही एवढं कमी. खांदा किंचित वर जात होता आणि ओठ दाताखाली होते. सूज. उरलेला पाय दिवसभरात सुजतो. उभ्यानं काम करणाऱ्याचा जास्तच. सकाळच्या मापाची वाटी संध्याकाळी आवळते. म्हणूनच श्रेयसी प्रत्येक पेशंटला दोनदा बोलवायची, एकदा सकाळी, एकदा दिवस कलल्यावर, आणि मधल्या गप्पांत त्याचा दिवस कसा जातो ते काढून घ्यायची. सन्मतीला तिनं हे कधी समजावून सांगितलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. तो दोन्ही मापं घेई आणि मधलं काढी.

यास्मिननं वर पाहिलं. "मॅडम, बरं चाललंय न्हवं?"

श्रेयसीच्या जिभेवर शब्द आले होते. परवा पुन्हा या, संध्याकाळी माप घेऊ. एवढंच. पण त्या वाक्यानं पाच आठवडे वाया गेले असते. आणि खरं सांगायचं तर आणखी एक विचार तिच्या मनात येऊन गेला. कळू दे त्याला. जरा टोचेल, पाय परत येईल, तेव्हा त्याला कळेल.

ती हसली. हात वर केला. आणि कपडे घेऊन आत गेली.

त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि नंतरच्याही. पाय परत येईल, ती स्वतःला समजावत होती. दुखायला लागलं की माणूस येतोच. पण यास्मिन आली नाही. नोकरी परत हवी असलेली बाई दुखतंय म्हणून सांगत नसते, हे श्रेयसीला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच.

चाचणीच्या दिवशी सकाळच्या फेऱ्या यास्मिननं पुऱ्या केल्या. दुपारनंतर उतरताना डावा पाय पायरीवर टेकला, कळ मस्तकात गेली आणि ती खाली फरशीवर आदळली. मनगट मोडलं. वाटीच्या कडेनं पायाची कातडी सोलून निघाली होती. चाचणी अर्थातच नापास.

फोन सन्मतीला आला. तो तसाच हॉस्पिटलकडं धावला. श्रेयसीला शेजारच्या वहिनींकडून कळलं. ती खुर्चीत बसली आणि सवयीनं, अगदी हाताच्या सवयीनं, तिनं टॅब उघडला.

वाटाड्याला बातमी तिच्याआधी पोचली होती. पाय निकामी ठरला, पैसे परत करायचे, एकट्या सन्मतीच्या कामाची किंमत घसरली. आकडा आता ताणलेला नव्हता. श्रेयसीचा वाटा सत्तावन्न टक्के. खात्री, उच्च.

आधी तिला आनंद झाला. सत्तावन्न, निम्म्याहून जास्त. मग तिला कळलं की आपल्याला आनंद झाला, आणि तिनं टॅब गादीवर उलटा फेकला.  

दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात गेली. यास्मिनचा हात प्लास्टरमध्ये होता. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"यास्मिनताई, मला ते आधीच दिसलं होतं," श्रेयसी उभ्याउभ्याच म्हणाली. बसले तर सांगणं होणार नाही अशी तिला भीती होती. "गल्लीत चालत होतात तेव्हाच. वाटी घट्ट होत होती. मी बोलले नाही."

यास्मिन वळली. "का?"

श्रेयसीनं सांगितलं. वाटे, विलग काळ, कर. सांगताना प्रत्येक शब्द आधीच्यापेक्षा क्षुल्लक वाटत होता.

यास्मिननं सगळं ऐकून घेतलं. आवाज न चढवता ती म्हणाली, "सर यंत्राकडं बघत हुते. मला दुखत हुतं, पण म्हटलं नव्या पायाचं आसंल तसंच. म्हणून वर बघितलं. तुम्ही हसलात. तुम्ही हसलात म्हणून मी निघाले, मॅडम."

"मी—"

"आता जावा तुम्ही. मला तुमचं काय ऐकायचं न्हाई आज."

श्रेयसी घरी आली तेव्हा सन्मती वर्कशॉपच्या पायरीवर बसला होता. शेजारी तो पाय. ती त्याच्याजवळ बसली आणि नियम मोडून पहिल्यांदाच बोलली. सूज, दुसरं माप, गॅलरी, हसणं. काही गाळलं नाही.

सन्मती पायाच्या वाटीत बोटं फिरवत राहिला. "तू लोकांना दोनदा का बोलवायचीस ते आज कळलं. मला वाटायचं, तुला गप्पा मारायला आवडतात."

"आवडतात पण."

"मी आलो होतो," तो म्हणाला. "त्या संध्याकाळी. ती गेल्यावर मला कसंतरीच वाटत होतं. आलेख स्वच्छ होता, पण तिचा चेहरा... अर्धा जिना चढलो. म्हटलं, विचारावं तुला. मग वाटलं, विचारलं की तुझे आणखी पाच टक्के वाढणार." त्यानं पाय बाजूला ठेवला. "परत खाली आलो."

 

पायरीवरचं ते बोलणं वाटाड्यापर्यंत पोचलं नव्हतं. विलग काळ संपला तेव्हा शेवटचा प्रश्न उरला होता. तो दोघांना वेगवेगळा विचारला जाई. ठाऊक असलेली एखादी गोष्ट, वाट्यावर परिणाम होऊ नये किंवा व्हावा म्हणून, आपण सांगायची टाळलीत का? दोघांपैकी एकाचंही उत्तर 'हो' आलं तर मोजमाप रद्द. पुढची काही वर्षं एकत्र विवरण नाही.

"मी 'नाही' म्हणतो," सन्मती म्हणाला. "तूही म्हण."

"कर वाचवायला?"

"कर गेला खड्ड्यात. सत्तावन्न तुझेच आहेत, श्रेयसी. अपघात नसता झाला तरी पन्नासाच्या आसपास आलेच असते. हे रद्द झालं तर काय उरतं? सगळं माझ्या नावावर. अकरा वर्षांत तू काहीच केलं नाहीस, असं कागद म्हणणार. निदान एकदा तुझं नाव कुठंतरी लागू दे."

तो मनापासून बोलत होता, म्हणूनच ते ऐकणं कठीण होतं. लग्नानंतर तिच्या कामाबद्दल तो इतकं सरळ कधीच बोलला नव्हता. श्रेयसी वर गेली. दार लावून टॅबसमोर बसली. आवाजानं प्रश्न वाचला. तिला तो आकडा हवा होता. अजूनही हवा होता. तिनं डोळे मिटले, तर गल्लीतून वर बघणारा यास्मिनचा चेहरा दिसला.

"हो," ती म्हणाली.

"आपलं उत्तर बदलायचं आहे का?"

"नाही."

खाली आल्यावर तिनं सन्मतीला सांगितलं.  तो म्हणाला, "माझं उत्तर भरायचं राहिलंय अजून. आता भरतो." त्यानंही 'हो' दिलं, हे तिला मगदूम मॅडमकडून समजलं. मॅडम दोघांवर भरपूर चिडल्या आणि मग विवरण सन्मतीच्या एकट्याच्या नावानं भरलं गेलं, पूर्ण करासकट.

नव्या आर्थिक वर्षापासून श्रेयसीनं स्वतःच्या नावानं व्यवसाय नोंदवला. कृत्रिम पायाच्या प्रत्येक पेशंटमागं ती सन्मतीला तपासणीचं बिल लावू लागली. पहिलं बिल ठेवताना तिला लाज वाटली, भरताना त्याला. पुढं सवय झाली, तरी बिलाच्या दिवशी दोघं एकमेकांशी जरा जपूनच बोलत. जेवताना पुन्हा पायांचा विषय निघू लागला होता. पण मधेच एखादं वाक्य अडे. हे मी आता फुकट सांगतेय का, असं तिच्या मनात येई, आणि मनात आलेलं त्याला दिसे.

यास्मिन पावसाळा संपताना आली. आधी मिरजेत एका ठिकाणी पाय घेऊन पाहिला होता, तो जमला नव्हता. चाचणीची आणखी एक संधी मिळाली होती. ती दारातच थांबली.

"राग गेलेला न्हाई माझा," ती म्हणाली. "पर पाय पायजे. दोघं असाल तर आत येते."

"दोघं आहोत," सन्मती म्हणाला.

सकाळी माप झालं, संध्याकाळी झालं. वाटी छापली गेली. पुन्हा तीच गल्ली, दिवस कलताना. या वेळी श्रेयसी तिच्याबरोबरीनं चालत होती, पायाकडं न बघता तोंडाकडं बघत. दुसऱ्या फेरीला ती थांबली.

"दुखतंय."

"जरासं."

"कुठं?"

यास्मिननं बाहेरच्या बाजूला बोट ठेवलं. सन्मतीनं पाय काढून घेतला आणि आत गेला. घासायचं यंत्र सुरू झालं. त्या घरघरीत श्रेयसीच्या डोक्यात आकडे हलू लागले. दुखतंय हे आपण ओळखलं, घासतोय तो, मग यातले आपले किती आणि त्याचे किती? ती चिडली, मान झटकली. आकडे गेले नाहीत. ते जाणार नाहीत, हे तिला आता कळून चुकलं होतं.

"काय मोजायलाय, मॅडम?" पायरीवर बसलेली यास्मिन तिच्याकडं रोखून बघत होती.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिकिटं फाडताना माझं पण तोंड आसंच हुतं." यास्मिन हसली नाही. तिनं उरलेला पाय उचलून सरळ श्रेयसीच्या मांडीवर ठेवला. "बघा. कुठवर सुजलाय ते नीट बघा या वेळी."

पाय गरम होता, जुन्या जखमेचा वण अजून लालसर. श्रेयसीनं दोन्ही हातांनी तो धरला. आतून सन्मतीनं हाक मारून विचारलं, "किती घासू?"

"थांब," ती ओरडली, "सांगते," आणि सूज नेमकी कुठून सुरू होते ते बोटांनी चाचपू लागली.